हृदयाचा फोटो : कोणता, कधी आणि कशासाठी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात बी विंगमधल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला दोन अटी घातल्यात. स्लाइड दाखवायच्या नाहीत आणि कुणाला घाबरवायचं नाही. दोन्ही मान्य.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेच जण पस्तिशी-चाळिशीत होते. आता तेच साठीच्या पुढे गेलेत. इमारतीचंही वय झालं. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं आणि ३० वर्षं उलटली की दर ३ वर्षांनी. मागच्या ऑडिटला इंजिनिअर साहेब खांबांना यंत्र लावत फिरत होते ते आठवत असेल. खांबाच्या एका बाजूने ध्वनिलहरी सोडायच्या, दुसऱ्या बाजूला त्या किती वेळात पोचतात ते मोजायचं आणि त्यावरून आतलं काँक्रीट भक्कम आहे की पोकळ झालंय ते ओळखायचं. खांब न फोडता आतलं कळतं. मंडळी, माझं रोजचं काम यापेक्षा फार वेगळं नाही. फक्त माझे खांब दिवसाला सुमारे १ लाख वेळा हलतात.

आजचा विषय निवडायला कारण घडलं ते आपल्या लिफ्टमुळे. लिफ्टमध्ये, गेटपाशी, भाजीवाल्याच्या गाडीजवळ आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मला रिपोर्ट दाखवले जातात. माझी तक्रार नाही, शेजारधर्म आहे तो. प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, नॉर्मल आहे ना?" मी उलट विचारते, "ही तपासणी कशासाठी केली होती?" इथे बहुतेक वेळा शांतता पसरते. मग कुणी म्हणतं, पॅकेजमध्ये होती. कुणी म्हणतं, मुलाने बुक केली.

म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे, बाकी सगळं तिच्या अवतीभवती. हृदयाची प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न वेगळा असेल तर त्या रिपोर्टवर कितीही मोठ्या अक्षरात 'नॉर्मल' छापलेलं असो, आपल्या कामाचं नाही. यात धोका दोन्ही बाजूंनी आहे. चुकीच्या तपासणीचा नॉर्मल रिपोर्ट उशाशी ठेवून माणूस छातीतलं दुखणं अंगावर काढतो. आणि गरज नसलेल्या तपासणीत काहीतरी बारीकसं निघालं की त्यातून दुसरी, तिसरी तपासणी आणि कधीकधी गरज नसलेला स्टेंटसुद्धा.

आधी हृदय म्हणजे काय ते आपल्या सोसायटीच्या भाषेत समजून घेऊ. आपल्या पंपरूममध्ये चार गोष्टी असतात. एक मोटर-पंप, म्हणजे हृदयाचा स्नायू. दुसरे व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या चार झडपा. तिसरं वायरिंग, ज्यामुळे ठोके वेळेवर पडतात. आणि चौथी गोष्ट लोक विसरतात. पंप सगळ्या इमारतीला पाणी देतो, पण त्याला स्वतःलाही पुरवठा लागतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या वाहिन्या आहेत, त्यांना करोनरी म्हणतात. मोठ्यातली मोठी जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद, शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. आपण ज्याला 'ब्लॉकेज' म्हणतो ते इथे होतं. पंप, व्हॉल्व्ह, वायरिंग आणि ही पाइपलाइन, चारही वेगळी खाती आहेत. एका खात्याची तपासणी करून दुसऱ्या खात्याला प्रमाणपत्र देता येत नाही.

आता एकेक तपासणी घेऊ. सुरुवात ईसीजीपासून, जरी तो फोटो नसला तरी. ईसीजी म्हणजे वायरिंगचं मीटर. १० सेकंदांत विजेचा आलेख. तो काढला त्या क्षणी हृदयाला रक्त नीट पोचत असेल तर मोठे ब्लॉकेज असूनही ईसीजी साफ नॉर्मल येऊ शकतो. म्हणून "परवाच ईसीजी काढला, काही नाही निघालं" या वाक्यावर फार विसंबू नका. पण झटका येत असताना मात्र हाच स्वस्तातला कागद सगळ्यात मोलाचा. त्याकडे शेवटी येते.

इको, म्हणजे इकोकार्डिओग्राफी, ही माझी लाडकी तपासणी. तिची गोष्टही छान आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आणि कार्ल हेलमुट हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी पहिल्यांदा ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. त्यासाठी वापरलेलं यंत्र मुळात धातूमधल्या भेगा शोधण्यासाठी होतं, जहाजबांधणीच्या कामात असतं तसं. आपल्या इंजिनिअर साहेबांचा खांब आणि माझा इको ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इकोत काही दशलक्ष कंपनांच्या लहरी वापरतात. त्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही, त्यामुळे गरोदर बाईचा, तान्ह्या बाळाचा, कुणाचाही इको निर्धास्त करता येतो.

इकोत दोन खाती उत्तम दिसतात, पंप आणि व्हॉल्व्ह. रिपोर्टमधला ईएफ हा आकडा तुम्ही सगळे आधी शोधता. डावा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० नॉर्मल. आपल्याकडे एक आजोबा आठवडाभर झोपले नव्हते, कारण ईएफ ६० आला म्हणजे ४० टक्के हृदय निकामी झालं असं त्यांनी धरलं होतं. नाही हो, कुठलंच हृदय १०० टक्के रिकामं होत नाही. आणि मागच्या वर्षी ६०, यंदा ५५ म्हणून घाबरूही नका. मोजण्यातच तेवढा फरक पडू शकतो.

ईएफ ४० किंवा त्याखाली असेल तर मात्र गोष्ट गंभीर. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव भयंकर असलं तरी हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, पंपाची ताकद कमी झाली असा आहे. आता यासाठी फार चांगली औषधं आहेत. ती नेमाने घेतल्यावर ईएफ ३० वरून ४५ वर आलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. इको इथे निदानासाठी तर लागतोच, पण उपचाराची दिशाही तोच दाखवतो. काही महिने योग्य औषधं घेऊनही ईएफ ३५ च्या वर जात नसेल, तर अचानक ठोके बिघडून मृत्यू येण्याचा धोका राहतो आणि अशा वेळी शॉक देणारं छोटं यंत्र छातीत बसवण्याचा विचार करतात. केवढा मोठा निर्णय, आणि तो एका आकड्याच्या आधारे. म्हणून इको घाईत, पाच मिनिटांत उरकलेला नसावा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ईएफ नॉर्मल असून दम लागू शकतो. वर्षानुवर्षं रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं, पण ताठर झाल्यामुळे सैल पडताना अडतं. पंप जोरात आहे, टाकी नीट भरत नाही. नीट पाहिलं तर इकोत तेही कळतं.

व्हॉल्व्हचं सांगते. लहानपणी घसा दुखणं, मग सांधे सुजणं, असा संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलींना पुढे विशीत-तिशीत, बहुतेकदा पहिल्या गरोदरपणात दम लागायला लागतो. मायट्रल झडप आकसलेली असते. तिचं तोंड नॉर्मली ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं, दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर समजायचा. इकोवर मोजमाप घेऊन फुग्याने झडप उघडता येईल की ऑपरेशन लागेल ते ठरतं. फुगा वापरण्याआधी कधीकधी अन्ननलिकेतून बारीक नळी उतरवून मागच्या बाजूने इको करतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी लपली असेल तर ती त्यातच दिसते. ती न पाहता पुढे गेलं आणि गुठळी सुटली तर थेट मेंदूत जाऊन पक्षाघात.

ज्येष्ठांमध्ये दुसरी झडप, महाधमनीची. वयाबरोबर ती कॅल्शियमने कडक होते. जिना चढताना दम, छातीत दुखणं, एखादवेळी चक्कर येऊन पडणं. आपण म्हणतो, वय झालं. पण तोंड १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याखाली गेलं आणि त्रास सुरू झाला की हातात वेळ थोडा असतो. २००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप पहिल्यांदा बसवली. आज आपल्याकडेही ते होतं. कुठल्या मापाची झडप आणि कुठल्या वाटेने न्यायची, हे आधी सीटी स्कॅनवर मोजतात. गवंडी जसा चौकट बसवण्याआधी माप घेतो तसंच.

इकोला जे दिसत नाही ते आता ठळकपणे सांगते. करोनरीमधले ब्लॉकेज नेहमीच्या इकोत दिसत नाहीत. पूर्वी झटका येऊन गेला असेल तर स्नायूचा तो भाग कमी हलताना दिसतो. पण ज्याला अजून झटका आलेला नाही, त्याचा आरामात झोपवून केलेला इको नॉर्मल येतो. "इको नॉर्मल, म्हणजे ब्लॉकेज नाही" हे वाक्य आज इथेच पुसून टाका.

मग ब्लॉकेजसाठी काय? टीएमटी तुम्हाला माहीत आहे, पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. सोपी आणि स्वस्त, पण अपुरी. खरोखर ब्लॉकेज असलेल्या १०० माणसांत साधारण ३० जणांची टीएमटी नॉर्मल येऊ शकते आणि काही नसलेल्यांत, विशेषतः बायकांमध्ये, ती उगीचच पॉझिटिव्ह येते. म्हणून गरजेप्रमाणे स्ट्रेस इको करतात. चालवून किंवा औषधाने ठोके वाढवायचे आणि स्नायूचा कुठला भाग मागे पडतो ते पाहायचं. याच कामासाठी न्यूक्लिअर स्कॅन असतो. त्यात अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. रक्त जिथे नीट पोचतं तिथे ते साठतं, जिथे पोचत नाही तो भाग फिका दिसतो. दोन्हींचा प्रश्न एकच, श्रम पडल्यावर स्नायूला रक्त कमी पडतं का?

सीटी स्कॅनचा प्रश्न वेगळा. वाहिनीच्या भिंतीत काय साठलंय? यात दोन प्रकार. कॅल्शियम स्कोअर हा रंगद्रव्य न देता केलेला छोटा स्कॅन. चाळिशी ओलांडलेल्या, त्रास काही नाही पण कोलेस्टेरॉल वर-खाली आहे, गोळी सुरू करावी की नको अशा कुंपणावरच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, ३०० च्या वर गेला तर गोळी टाळू नका. ज्यांना आधीच स्टेंट आहे किंवा झटका येऊन गेलाय त्यांना हा स्कोअर काही नवीन सांगत नाही.

दुसरा प्रकार सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून आयोडिनयुक्त रंगद्रव्य देतात आणि काही सेकंद श्वास रोखून स्कॅन होतो. ठोके मिनिटाला ६०-६५ च्या आसपास असले तर फोटो स्वच्छ येतो, म्हणून आधी गोळी देतात. छातीत दुखतंय पण चित्र स्पष्ट नाही, अशा माणसात मोठं ब्लॉकेज 'नाही' हे खात्रीने सांगण्यात या तपासणीचा हात कुणी धरणार नाही. पण रंगद्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन आधी पाहा. मधुमेहाची गोळी चालू असेल, आयोडिनची ॲलर्जी पूर्वी आली असेल तर आवर्जून सांगा. किरणोत्सर्ग यंत्रागणिक बदलतो. नव्या यंत्रावर साधारण एक-दोन वर्षांत निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढा. गरज असेल तर घाबरण्यासारखा नाही, हौस म्हणून दरवर्षी घेण्यासारखाही नाही.

एमआरआय महाग, वेळखाऊ, आणि आत ठकठक आवाज. पण स्नायूच्या पोतासाठी त्याच्या तोडीचं काही नाही. झटक्यानंतर स्नायूचा किती भाग मेलाय आणि किती नुसता झोपलाय हे त्यात दिसतं. मेलेल्या भागाला बायपास करून रक्त नेण्यात फारसा अर्थ नसतो, झोपलेला भाग जागा होऊ शकतो. स्नायूला आलेली सूज, किंवा भिंत वाजवीपेक्षा जाड होण्याचा आनुवंशिक आजार, हेही त्यात नीट कळतं. हा शेवटचा आजार तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं एक कारण आहे. घरात एकाला निघाला तर भावंडांचा आणि मुलांचा इको करून घ्यायचाच. इथे त्रास नसतानाही तपासणी योग्य, कारण प्रश्न स्पष्ट आहे.

आता अँजिओग्राफी, जिच्या नावाने घरात सगळे गप्प होतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत एक्स-रे विभागात जाऊन फोटो काढला. त्याला लोकांनी वेड्यात काढलं, आणि १९५६ साली नोबेल दिलं. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या तपासणीत नळीचं टोक चुकून करोनरीत शिरलं, रंगद्रव्य थेट तिथेच गेलं, रुग्ण वाचला आणि करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी त्याच वाटेने फुगा नेऊन पहिली अँजिओप्लास्टी केली. आज मनगटातून नळी घालतात, भूल फक्त तेवढ्या जागेची, आणि बहुतेक जण लवकर घरी जातात.

इथे महत्त्वाची गोष्ट. अँजिओग्राफीत वाहिनीच्या आतली पोकळी दिसते, सावलीसारखी. ६० टक्के अरुंद दिसलेली जागा खरोखर रक्त अडवते का, हे नुसत्या सावलीवरून नेहमी सांगता येत नाही. त्यासाठी बारीक तारेने ब्लॉकेजच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. पलीकडे ८० टक्क्यांहून जास्त दाब पोचत असेल तर त्या जागी स्टेंट बहुधा लागत नाही.

२०२० मध्ये ५,१७९ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 'इस्केमिया' नावाचा. त्यात भारतातलेही रुग्ण होते. स्ट्रेस तपासणीत रक्त कमी पडतंय असं दिसलेले, पण प्रकृती स्थिर असलेले लोक घेतले. निम्म्यांना औषधांसोबत अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त चांगली औषधं. तीनेक वर्षांनंतर मृत्यू आणि झटके यांत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासने आराम जास्त मिळाला. लक्षात घ्या, डाव्या मुख्य वाहिनीत मोठं ब्लॉकेज असलेले आणि ईएफ ३५ च्या खाली असलेले लोक यात नव्हते. त्यांचा हिशोब वेगळा. आणि झटका येत असलेल्या माणसाला तर हे अजिबात लागू नाही. पण दुखणं स्थिर असताना "आत्ताच्या आत्ता सही करा" असं कुणी म्हणालं, तर दुसरं मत घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे, एवढं यातून नक्की कळतं.

आणि आता तो प्रसंग, जेव्हा वेळ नसतो.

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, १५ मिनिटांत थांबत नाही, हात, जबडा किंवा पाठीकडे जातंय, दरदरून घाम. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये दुखणं नसेलही. नुसता दम, मळमळ, खूप थकवा, 'ॲसिडिटी'. अशा वेळी इको, सीटी, पॅकेज काही शोधू नका. सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याची गाडी काढा, स्वतः चालवू नका. जिन्याने उतरू नका. रुग्णालयात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. त्यात वाहिनी पूर्ण बंद असल्याची खूण दिसली तर थेट अँजिओग्राफी, आणि पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडणं हे उद्दिष्ट असतं. ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर घरी परतू नका. ईसीजी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात.

याच वेळी डॉक्टरांना कधीकधी वेगळी शंका येते. पाठीत चिरत गेल्यासारखी कळ असेल तर महाधमनीची भिंत फाटली का, हे तातडीच्या सीटीवर पाहतात. तिथे रक्त पातळ करणारं औषध जिवावर बेतू शकतं. ऑपरेशननंतर किंवा खूप दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर अचानक दम लागला तर फुप्फुसात गुठळी गेली का, हेही सीटी सांगतो. फोटोने इथे उपचाराची दिशाच बदलते. "उगाच टेस्ट करतायत" असं म्हणून डॉक्टरांशी भांडण्याची ही वेळ नव्हे.

सगळं ऐकून गोंधळ झाला असेल तर तीन प्रश्न लिहून घ्या. डॉक्टरांनी तपासणी सुचवली की विचारा, यातून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल? उत्तर 'हो' आलं तर काय करायचं आणि 'नाही' आलं तर काय? आणि यात मला धोका किती, मूत्रपिंड, रंगद्रव्य, किरणोत्सर्ग? दोन्ही उत्तरांनी उपचार तोच राहणार असेल तर ती तपासणी थांबू शकते. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

दुसरं, प्रत्येक घरात एक फाइल. जुने ईसीजी, इकोचे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी. झटक्याच्या रात्री जुना ईसीजी शेजारी ठेवता आला तर नवा बदल कुठला ते झटकन कळतं. सोसायटीच्या इमारतीचे नकाशे आपण कार्यालयाच्या कपाटात जपतो, हृदयाचे पलंगाखाली टाकतो.

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरं थोडक्यात देते.

प्रश्न : इको घरी येऊन करता येईल का? वडील अंथरुणावर आहेत.
उत्तर : गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा यंत्रांची नोंदणी करावी लागते आणि ती नोंदणी केलेल्या जागीच वापरावी लागतात. त्यामुळे कुणी 'घरपोच इको' म्हणालं तर सावध राहा. वडिलांना ॲम्ब्युलन्सने न्यावं लागेल. आधी फोन करून वेळ ठरवा म्हणजे थांबावं लागत नाही.

प्रश्न : स्टेंट बसवलाय, गुडघ्याचा एमआरआय चालेल का?
उत्तर : आजकालच्या स्टेंटना एमआरआय चालतो. कार्ड सोबत न्या. पेसमेकर असेल तर मात्र तो एमआरआयला चालणारा आहे का ते आधी तपासून, त्याची सेटिंग बदलून मगच.

प्रश्न : मुलगा परदेशातून म्हणतो, आई, सगळ्या टेस्ट एकदा करूनच घे.
उत्तर : त्याची माया समजते. त्याला सांगा, आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि तंबाखू या पाच गोष्टींचा हिशोब करते. फोटोची गरज त्यातून आणि त्रासातून ठरेल.

प्रश्न : सीटी अँजिओ नॉर्मल आली. आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू?
उत्तर : गोळी कशासाठी सुरू केली होती? (हशा) मधुमेह किंवा घराण्यात लवकर झटके असतील तर चालू ठेवा. फोटो आजचा असतो, गोळी पुढच्या वीस वर्षांसाठी असते. स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

शेवटी समितीला एक विनंती. रात्री ॲम्ब्युलन्स आली तर गेटसमोर उभी केलेली गाडी कुणाची, हे शोधण्यात दहा मिनिटं जाऊ नयेत. सुरक्षा रक्षकांना १०८ चा फोन कसा करायचा आणि कुठल्या विंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर जातं ते माहीत असू द्या. आमच्या सगळ्या यंत्रांचा उपयोग माणूस वेळेत दारापर्यंत पोचला तरच होतो.

रिपोर्ट लिफ्टमध्ये दाखवायला हरकत नाही, पण आता सोबत प्रश्नही आणा.